नानांच्या गाडीचा काटा

आमच्या वाडीच्या वाचनालयात नानांचा फोटो लावायचं ठरलंय. ठरवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी नानांना पाहिलेलंही नाही. वाचनालयातलं काचेचं कपाट नानांनी दिलं, एवढंच त्यांना ठाऊक. ते का दिलं ते मला ठाऊक आहे. त्याचं दार लागत नव्हतं, आणि मुंबईहून आणलेली वस्तू टाकून द्यायला नानांचा जीव होत नव्हता. ते दार आजही लागत नाही. चिटणीस माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुमी तेंच्या शेजाराक रवलात. समारंभाक चार शब्द बोला." मी म्हटलं, चार शब्दांत नाना बसायचे नाहीत, आणि जास्त बोलले तर तुम्ही फोटो लावणार नाही. ते हसले. बाईंना विनोदाची सवय आहे, असं त्यांना वाटलं असावं.

नानांच्या आणि आमच्या घरामध्ये एक चिऱ्यांचा गडगा होता. कमरेएवढा. माझे यजमान मुंबईला नोकरीत, मी इथे शाळेत मास्तरीण, सासूबाई आंधळ्या. त्यामुळे संध्याकाळी गडग्याशी उभं राहून पलीकडे काय चाललंय ते बघणं आणि सासूबाईंना सांगणं, हे माझं कामच झालं होतं. नानांनी त्या बाबतीत आम्हाला कधी उपाशी ठेवलं नाही.

नाना मुंबईच्या एका जहाज कंपनीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. बोटीतून आलेला माल भिजला, फुटला, उंदरांनी खाल्ला म्हणून व्यापारी भरपाईचे अर्ज करत. ते अर्ज नानांच्या टेबलावर येत आणि बहुतेक तिथेच संपत. समोरचा खोटं बोलतोय हे धरूनच नाना कागद उघडायचे. उभा जन्म हे केल्यावर माणूस जसा होईल तसे ते झाले होते. गावाला परत आले, पण कचेरी डोक्यातून गेली नाही. घरची पडवी म्हणजे त्यांची कचेरी, आणि गेटातून आत येणारा प्रत्येकजण अर्जदार. "पुरावा काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पुष्कळदा शेवटचाही तोच असायचा.

उकाड्याने आमची अंगं चिकचिकत असताना हा माणूस बंद गळ्याचा कोट घालून आरामखुर्चीत बसायचा. कोटाच्या खिशात एक भिंग. आम्ही वाडीत सगळी मालवणी बोलतो. शाळेत मीही पुस्तकी बोलायची, पण घंटा झाली की माझी जीभ माझ्याबरोबर घरी यायची. नानांची कधीच आली नाही. याच घरात जन्मले, याच वहाळात डुंबले, पण परत आल्यावर मालवणीचा एक शब्द तोंडातून काढला नाही. स्वतःच्या बायकोशीही ते साहेब शिपायाशी बोलावा तसे बोलत. नानी मालवणीतच उत्तर द्यायच्या, तेही हळू आवाजात आणि थोडक्यात. चारचौघांत नानी नवऱ्यासमोर बोलल्याचं मी कितीतरी वर्षं ऐकलं नव्हतं.

एकदा पार्वती बांगडे घेऊन आली. आमच्या वाडीला मासे द्यायची तीच. नानांनी टोपलीतला एक बांगडा उचलला, डोळ्याजवळ भिंग धरलं, कल्ले उघडून बघितले आणि गंभीरपणे विचारलं, "बाई, या माशाचा मृत्यू नक्की केव्हा झाला?"

पार्वतीने टोपली डोक्यावर ठेवली. "तेची आवस माझ्याकडे रडत येवक नाय. माका काय म्हायत?" असं माशाच्या आईलाही साक्षीला ओढून ती चालू लागली. त्यानंतर बरेच दिवस ती मासे माझ्याकडे देई आणि मी ते गडग्यावरून नानींना. नाना ते भिंगाशिवाय खात.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर मीही त्यांच्यासारखीच होईन. आमच्या शाळेतल्या शिपायाचा मुलगा तापाने फणफणला, तेव्हा शिपाई नानांची गाडी मागायला गेला. नाना म्हणाले, "ताप आहे याला पुरावा काय?" आणि स्वतःचं थर्मामीटर घेऊन त्याच्या घरी गेले. पारा बघितला आणि लगेच गाडी काढायला सांगितली. मुलगा वाचला. शिपाई पाया पडायला आला, तर नाना म्हणाले, "माझे नको, थर्मामीटरचे आभार मान." त्यात विनोद नव्हता. यंत्र जे दाखवतं ते खरं आणि माणूस जे सांगतो ते बहुधा खोटं, हा त्यांचा धर्म होता. त्या दिवशी यंत्राने आणि माणसाने एकच सांगितलं, म्हणून पोर वाचलं.

तर ती गाडी. युद्धाच्या आधीची, विलायती बनावटीची, काळी, उंच, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. मुंबईत कुठल्याशा गोऱ्या साहेबाने जाताना विकली आणि फिरत फिरत नानांकडे आली. आमच्या बाजूला तेव्हा दुसरी गाडी नव्हती. नाना मागे बसायचे, वर्तमानपत्र उघडायचे आणि काठीच्या टोकाने ड्रायव्हरला दिशा दाखवायचे. रस्ता एकच होता, तरी दाखवायचे. जायचं कुठे, तर मालवणला बाजाराला, नाहीतर आचऱ्याला कुणाच्या लग्नाला.

ड्रायव्हर होता भिवा. आमच्याच वाडीचा. युद्धात लष्कराच्या गाड्या चालवून आलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. आई म्हातारी म्हणून मुंबईची नोकरी सोडून परत आला होता. नानांच्या आवारातल्या खोपीत राहायचा, गाडी धुवायचा, विहिरीचं पाणी काढायचा, नानींना नारळ सोलून द्यायचा. नानांना तो साहेब म्हणे. गावात नानांना साहेब म्हणणारा तो एकटाच, आणि शेवटी साहेबांनी त्याचीच परतफेड केली.

नानांचं घर चढावर. रस्त्यावरून गाडी वर यायची ती तोंड घराकडे करून उभी राही. पहिली काही वर्षं तशीच राहायची. मग खाऱ्या हवेने बॅटरी मेली. दिवा मिणमिणायचा, काटे हलायचे, पण इंजिन फिरवण्याइतका जोर तिच्यात उरला नव्हता. नवी बॅटरी घ्यायला नाना तयार नव्हते. पुढे लोखंडी हँडल घालून फिरवावं, तर ते उलटं फिरून भिवाचं मनगट एकदा सुजलं होतं. मग भिवाने जुन्या गाड्यांचे सगळे ड्रायव्हर आमच्या भागात करतात तेच केलं. संध्याकाळी साहेब उतरले की तो गाडी वळवायचा आणि तोंड उताराकडे करून, चाकाखाली चिरा लावून ठेवायचा. सकाळी चिरा काढला, गाडी घरंगळली, गिअर टाकला की इंजिन सुरू. नानांना हे फार आवडलं. साहेबाची गाडी नेहमी फाटकाकडे तोंड करूनच उभी असली पाहिजे, असं ते आल्यागेल्याला सांगू लागले, जणू ती त्यांचीच कल्पना.

आणि त्याच सुमाराला नानांना दिसलं की गाडीतलं पेट्रोल रात्रीत कमी होतंय.

गाडीच्या पुढच्या फळीवर पेट्रोलचा काटा होता. किल्ली फिरवली की तो उठायचा आणि टाकीत किती आहे ते दाखवायचा. मालवणहून परत आल्यावर घराच्या दारात नाना काटा बघत, सकाळी निघताना परत बघत. सकाळी काटा खाली गेलेला असे. पहिल्यांदा नानांनी काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी पानाच्या डब्यातला चुना बोटाला घेतला आणि संध्याकाळी काटा जिथे होता तिथे काचेवर ठिपका दिला. सकाळी काटा ठिपक्याच्या चांगला खाली होता. नानांनी मला गडग्यावरून हाक मारून तो ठिपका दाखवला. मला शाळेची घाई होती, पण नानांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या टेबलावर एक खरा अर्ज आला होता.

भिवा म्हणाला, "साहेब, टाकीत काठी घालून बगूया. सांजेक एकदा, सकाळी एकदा. काठी खंयसर ओली होता ता कळात."

"विलायती काटा असताना टाकीत बांबू घालायचा? आपण विहीर मोजतोय काय?" नाना म्हणाले, आणि तो विषय संपला. इथेच सगळं मिटलं असतं. पण ज्या गोष्टीला इंग्रजी नाव नाही तिच्यावर नानांचा विश्वास बसत नसे.

काटा बिघडलाय का हे मात्र त्यांनी रीतसर तपासून घेतलं. गाडी मालवणला गॅरेजात नेली. नानी आणि मी बाजारासाठी बरोबर होतो, म्हणून मी ते सगळं डोळ्यांनी बघितलं. गॅरेज बंदराजवळ, सपाट वाळवटीच्या जागेत. मिस्त्रीने टाकीकडची वायर सोडली, लोखंडाला टेकवली, काटा एका टोकाला गेला. सोडली, काटा परतला. मग टाकीवरचं झाकण काढून आतला तरंगता पितळी गोळा हाताने वर-खाली केला, काटाही तसाच वर-खाली झाला. गोळा कानाजवळ हलवून त्यात पेट्रोल शिरलेलं नाही ना, तेही बघितलं. सगळं परत लावून तो म्हणाला, "काट्याक कायेक झालेला नाय. तुमच्या-माझ्यापेक्षा बरो आसा."

गाडी घरी कुठे आणि कशी उभी असते, हे त्याने विचारलं नाही. नानांनी सांगितलं नाही. नानांना जे हवं होतं ते मिळालं होतं. परतीच्या वाटेवर त्यांनी वर्तमानपत्र उघडलं नाही, काठीही दाखवली नाही. भिवाच्या मानेकडे बघत बसले होते.

मग टाकीच्या झाकणाला कुलूप आलं. किल्ली नानांच्या जानव्याला. तरी सकाळी काटा खालीच. साध्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. नानांनी निष्कर्ष काढला की भिवाकडे दुसरी किल्ली आहे. एकदा नानीच हळूच म्हणाल्या, की रात्री गेलेलं पेट्रोल संध्याकाळी गाडी घरी आल्यावर परत आलेलं दिसतं, ते कसं? नाना म्हणाले, "भीती वाटली की परत ओततो. चोराची मानसिक अवस्था तुला कळणार नाही." चोराच्या मनाचं नानांना इतकं कळत होतं, की भिवाच्या मनाचं कळायला जागाच उरली नव्हती.

शेवटी एका रविवारी सकाळी पडवीवर कचेरी भरली. वाडीचे मानकरी गावकर, दुकानदार, पोस्टमन, आणखी एक-दोघे. नानांचा चहा पिणारी हीच मंडळी. मी गडग्याशी होते. नानांनी सगळ्यांना गाडीपाशी नेऊन चुन्याचा ठिपका आणि त्याखालचा काटा दाखवला. गाडी अर्थात उताराकडे तोंड करून उभी होती. सगळे त्या उतारावर उभे राहून, पाय रोवून, आत वाकून काटा बघत होते, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण वाकडे उभे आहोत. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा नानांचा होता.

"काटा तपासलेला आहे. कुलूप आहे. आवारात रात्री झोपणारा माणूस एक," नाना म्हणाले. "भिवा, तुझं काही म्हणणं?"

"साहेब, मी पेट्रोल चोरूक नाय," भिवा म्हणाला. "पेट्रोल घेवन मी काय करू? माझ्या घरात चूल आसा, गाडी नाय."

"पुरावा काय?"

भिवाने सगळ्यांकडे बघितलं. गावकर दुसरीकडे बघू लागले. भिवाने खोपीतून आपलं बोचकं आणलं आणि गाडीच्या चाव्या नानींच्या पायाशी ठेवल्या. नानांच्या हातात दिल्या नाहीत. तेवढाच काय तो त्याचा राग दिसला.

त्याच संध्याकाळी भिवा नारळ घेऊन गावच्या देवळात गेला. आमच्याकडे कोर्टात जाण्याआधी माणूस देवासमोर जातो, आणि पुष्कळदा कोर्टात जायची गरजच उरत नाही. गाऱ्हाणं घालायचं काम गावकरांचंच. सकाळी मान डोलावणारे तेच गावकर संध्याकाळी हात जोडून उभे राहिले. त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. "बा देवा म्हाराजा, ह्यो भिवा तुझ्या पायाकडे इलो आसा. तेच्या माथ्यार चोरीचो आळ इलो आसा. आळ खरो आसलो तर तेका दाखव. खोटो आसलो तर घालणाऱ्याचे डोळे उघड." आम्ही जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच लागला. नानांना कळल्यावर ते म्हणाले, "देवाच्या देवळात पेट्रोलचा काटा बसवलाय काय?"

पण बदनामीला काट्याची गरज लागत नाही. भिवाच्या आईला बायका विहिरीवर आधीसारख्या पाणी भरू देत, बोलत, आणि ती निघाली की आपली कळशी जवळ ओढून घेत. मी एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. म्हातारी दारात आली तशी घरच्या बाईने पितळेचा पेला उचलून आत नेला. म्हातारीने ते बघितलं आणि कुंकू न लावताच परत गेली. एस.टी.त ड्रायव्हर घेत होते. भिवाला गाडी चालवून दाखवायला सांगितलं, ती त्याने दाखवली. मग तिथल्या साहेबाने विचारलं, आधी कुठे होतास आणि का सोडलंस? भिवाला खोटं बोलता येत नसे. तो रेडीला निघून गेला, तिथे लोखंडाची माती बंदरावर नेणाऱ्या ट्रकवर. तिथे कुणी काही विचारत नाही. जाण्याआधी माझ्याकडे आला, सासूबाईंच्या पाया पडला. मी म्हटलं, भिवा, मला ठाऊक आहे तू चोर नाहीस. तो म्हणाला, "बाई, तुमका ठावक आसून काय उपेग? आळ तेंनी घातलो, तेंनीच काढूक होयो." मला त्याचा रागच आला. पण त्याचं खरं होतं.

नानांनी कणकवलीकडचा नवीन ड्रायव्हर आणला. बॅटरी तीच मेलेली, म्हणून तोही गाडी उताराकडे तोंड करूनच ठेवायचा. आणि काटा सकाळी खालीच. नवीन ड्रायव्हर आवारात राहत नव्हता, संध्याकाळी सायकलवरून घरी जायचा.

ती दुपार मला स्पष्ट आठवते. मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. नाना गाडीत बसले होते, मागे नव्हे, पुढे, काट्यासमोर. त्यांनी ड्रायव्हरला गाडी वळवून तोंड चढाकडे करायला लावलं. मग उताराकडे. मग परत चढाकडे. ड्रायव्हर घामाघूम झाला, दोन गडी ढकलायला आले, गाडी वळत राहिली आणि नाना काचेत बघत राहिले. टाकी गाडीच्या पाठीमागे. तोंड चढाला असलं की पेट्रोल टाकीत मागे जमायचं, तिथला गोळा वर उचलला जायचा, काटाही वर. तोंड उताराला केलं की पेट्रोल पुढे सरकायचं, गोळा खाली बसायचा, काटाही खाली. पेट्रोल होतं तेवढंच होतं. काटा चांगला होता, भिवा चांगला होता, जमीन वाकडी होती.

नाना उतरले. त्यांनी दार हळू लावलं. एरवी ते दार आपटून लावत, दाराला तशीच सवय होती. मग पायरीवर बसले. कोटाची वरची बटणं त्यांनी सोडली. नानी चहा घेऊन दारात आल्या, त्यांनी गाडीकडे बघितलं, गड्यांकडे बघितलं, नवऱ्याच्या उघड्या गळ्याकडे बघितलं. चहा त्यांच्याजवळ ठेवला आणि आत गेल्या. मला वाटलं, आता रेडीला निरोप जाईल.

आठवड्याभरात कुदळी-फावडी घेऊन गडी आले. दारातला उतार खणून काढला. खाणीवरून चिरे आणले. गाडी उभी राहील एवढा एक सपाट चौथरा बांधला, वर चुन्याचा गिलावा. नाना पाण्याची पातळी बघण्याचं यंत्र घेऊन स्वतः उभे होते. चौथरा आरशासारखा सपाट झाला. कुणी विचारलं, तर नाना सांगत, "पावसाळ्यात चाकं रुततात."

सबंध वाडीला त्या चौथऱ्याचा अर्थ कळला. गडी गाडी का वळवत होते हे त्यांनीच घरोघर सांगितलं होतं. देवाने गाऱ्हाणं ऐकलं, असं लोक म्हणू लागले. नानी एकदा गडग्याशी आल्या, पदराने तोंड पुसत मला म्हणाल्या, "गाराण्यात डोळे उघड म्हटल्यानी गो बाय. तोंड उघड म्हणूचा रवला."

चौथरा झाला आणि गाडी संपली. उतार गेला, त्यामुळे ती सुरू होईना. दरवेळी चार माणसं बोलावून तिला चौथऱ्यावरून रस्त्यापर्यंत ढकलावं लागे. ढकलणारे गालातल्या गालात हसत आणि त्यातला एखादा मुद्दाम विचारी, "नानानू, काटो बरो आसा मा?" नाना वर्तमानपत्र वर करत. नवीन बॅटरी घेतली असती तरी भागलं असतं. पण मग भिवाने गाडी उताराला का लावली, हे कबूल करावं लागलं असतं. हळूहळू गाडी चौथऱ्यावरच राहिली. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालू लागल्या.

गणपतीला भिवा रजेवर आला. ज्याने त्याने त्याच्या पाठीवर थाप मारून "सुटलंस रे" म्हटलं. ज्यांनी माना डोलावल्या होत्या त्यांनी जरा जास्तच जोरात थाप मारली. भिवा सरळ नानांकडे गेला आणि चौथऱ्यावर उभा राहिला. नाना पडवीवर होते.

"साहेब, माका कायेक नको," तो म्हणाला. "तुमी एकदा म्हणा, भिवान चोरूक नाय. माझी आवस म्हातारी झाली. तिका आयकूचा आसा."

नानांनी चष्मा पुसला, परत घातला. "हा चौथरा पावसासाठी बांधला आहे," ते म्हणाले.

भिवा "बरा" म्हणून गेला. पुढच्या वर्षी त्याची आई गेली. माझ्या हातून नानांकडे गडग्यावरून जाणारं सगळं त्यानंतर नानींसाठीच गेलं. नानांना मी पुन्हा हाक मारली नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल.

भिवा काही वर्षांनी रेडीहून परतला. ट्रकवर राबून त्याने एक जुनी टॅक्सी घेतली आणि मालवणच्या रस्त्यावर चालवू लागला. इकडे नानांना पायऱ्या चढवेनात, तेव्हा मुलाने दोघांना मुंबईला बोलावून घेतलं, कायमचं. मालवणहून बोटीने जायचं होतं. बंदरापर्यंत जायला टॅक्सी पाहिजे, आणि आमच्या बाजूला टॅक्सी एकच.

भिवा आला. ट्रंका त्याने एकट्याने उचलून वर बांधल्या. मागे सामान, नानी आणि त्यांना पोचवायला निघालेली मी. नानांना पुढे बसावं लागलं, भिवाच्या शेजारी. त्यांच्या समोरच पेट्रोलचा काटा होता. नानांनी तो बघितला आणि वर्तमानपत्र उघडलं. कोट बंद गळ्याचाच होता, पण मान आतून बारीक झाली होती.

मालवणच्या अलीकडे रस्ता एक मोठा चढ चढतो आणि माथ्यावरून एकदम बंदराकडे उतरतो. चढाच्या मध्यावर भिवाने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, किल्ली परत फिरवली. काटा वर आला. त्याने बोट न दाखवता नुसतं त्याच्याकडे बघितलं. मग गाडी सुरू करून माथा ओलांडला आणि उताराला लागताच पुन्हा थांबवली. पुन्हा किल्ली. खाली बंदर दिसत होतं, बोट अजून आली नव्हती, होड्या काठाला वाट बघत होत्या. काटा चांगलाच खाली आला होता.

नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पुढे वाकून जुन्या सवयीने काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि तिथेच राहिला. मागून मला नानांचा कान आणि गाल तेवढा दिसत होता. गाल हलला. आता म्हणतील, असं मला वाटलं. भिवालाही वाटलं असणार, कारण त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"तुझा काटा बिघडलाय," नाना म्हणाले. "दुरुस्त करून घे."

भिवाचे हात परत स्टिअरिंगवर गेले. तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला. आधी मला कळलंच नाही कोण बोलतंय, कारण तो आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

"भिवा, तू पेट्रोल चोरूक नाय," नानी म्हणाल्या. "ह्येंका म्हायत आसा. ज्या दिवसापास्ना गाडी फिरवून बघितल्यानी, त्या दिवसापास्ना म्हायत आसा."

भिवाने मागे वळून बघितलं नाही. पण त्याचे खांदे खाली आले. नाना समोर समुद्राकडे बघत होते. मान न वळवता, कचेरीतल्या त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "पुरावा काय?"

"दारातलो चौथरो," नानी म्हणाल्या.

भिवाने ब्रेक सोडला, आणि इंजिन सुरू न करताच गाडी बंदराकडे उतरू लागली.